रुळांपलीकडचे विद्यापीठ आणि नागरिक घडवण्याचे काम

वडोदरा स्थानकाच्या पश्चिमेकडच्या दाराने बाहेर पडले की अलकापुरी लागते. दवाखाने, बँका, कपड्यांची दुकाने, हॉटेले आणि जुन्या बंगल्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती असा हा गजबजलेला भाग. त्याच्या मुख्य रस्त्याचे नाव आर. सी. दत्त रोड, आणि आतल्या एका वस्तीचे नाव संपतराव कॉलनी. रमेशचंद्र दत्त हे 1899 च्या लखनौ काँग्रेसचे अध्यक्ष. ब्रिटिश राजवटीतल्या हिंदुस्थानचा आर्थिक इतिहास त्यांनी लिहिला, 1904 पासून बडोदे संस्थानात महसूलमंत्री म्हणून काम केले, 1909 मध्ये ते दिवाण झाले आणि त्याच वर्षी बडोद्यातच वारले. संपतराव गायकवाड हे बडोद्याचे राजे सयाजीराव महाराज यांचे धाकटे बंधू. त्यांचा मोठा खासगी ग्रंथसंग्रह पुढे शहराच्या मध्यवर्ती ग्रंथालयात सामील झाला. म्हणजे अलकापुरीत राहणारा माणूस आपला पत्ता लिहितो तेव्हा राज्यकारभाराचा अभ्यास करणारा एक विद्वान आणि आपली पुस्तके लोकांना देऊन टाकणारा एक राजपुत्र यांची नावे नकळत लिहीत असतो.

रुळांच्या पूर्वेला सयाजीगंज. तिथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कला शाखेचा घुमट दिसतो. 1881 साली सुरू झालेल्या बडोदा कॉलेजची ही वास्तू. विद्यापीठाने मुलांना विषय शिकवावेत, पदव्या द्याव्यात, हे सगळ्यांना मान्य असते. पण मतदार, करदाता, शेजारी, तक्रार करणारा, प्रश्न विचारणारा, निर्णयात भाग घेणारा माणूस घडवणे हेही विद्यापीठाचे काम आहे का? असेल, तर त्यासाठी त्याच्याजवळ कोणती साधने आहेत आणि ती कितपत वापरात आहेत? या प्रश्नाची पाहणी करायला बडोद्याइतके सोयीचे शहर मराठी माणसाला दुसरे सापडणार नाही, कारण इथे या कामाचा सव्वाशे वर्षांचा पुरावा आहे आणि त्यातला बराचसा मराठीत आहे.

सुरुवात शाळेपासून झाली. सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांच्यापुढे बडोद्याचे उदाहरण होते. ते विधेयक फेटाळले गेले. एका संस्थानाला जे जमले ते ब्रिटिश सरकारला परवडत नाही असे उत्तर मिळाले.

पण नुसते लिहिता-वाचता येऊन काय उपयोग, पुढे वाचायला काही नसेल तर? महाराजांनी हा प्रश्न फार गंभीरपणे घेतला. अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. 1910 मध्ये त्यांनी न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बॉर्डन यांना बडोद्याला आणले. बॉर्डन तीन वर्षे राहिले. तेवढ्यात त्यांनी ग्रंथालय खाते उभे केले, ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग चालवला आणि गावोगावच्या ग्रंथालयांची घडी बसवली. ती घडी आजही अभ्यासण्यासारखी आहे. गावाने वर्गणी काढायची, तेवढीच रक्कम पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. तीन वाटे समान. फुकट कोणालाच काही मिळत नव्हते, आणि पैसे घातलेले असल्यामुळे ग्रंथालय कसे चालते याचा जाब विचारायचा हक्क गावाला आपोआप मिळत होता. जिथे ग्रंथालय नव्हते तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तके जात. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी खात्याची एक वेगळी शाखा चित्रे आणि चलचित्रे दाखवत हिंडायची. 1912 मध्ये या खात्याने एक नियतकालिक काढले, आणि ते इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत होते. भारतातल्या ग्रंथालयविषयक नियतकालिकांची सुरुवात बडोद्यात झाली आणि तीत मराठी पहिल्यापासून होती, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयातली पोलादी मांडण्यांची अनेक मजली दालने आणि खालच्या मजल्यापर्यंत उजेड पोहोचावा म्हणून घातलेल्या काचेच्या फरशा आजही पाहायला मिळतात.

त्याच काळात राज्यकारभार समजून घेण्यासाठी लागणारी पुस्तके मराठीत येत होती. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई महाराजांच्या नोकरीत होते. त्यांनी मॅकियाव्हेलीचा राजनीतीवरचा ग्रंथ आणि इंग्लंडच्या साम्राज्यविस्तारावरचा सीलीचा ग्रंथ मराठीत आणला. 1931 साली संस्थानाने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा शासनव्यवहाराचा बहुभाषी कोश प्रसिद्ध केला. कायदा आणि कारभार लोकांच्या भाषेत चालवायचा तर शब्द लागतात, ते आधी जमवले पाहिजेत, इतका साधा आणि पक्का विचार त्यामागे होता. आज विद्यापीठांची परिपत्रके, शुल्काचे नियम, तक्रार निवारण समितीचे पत्ते विद्यार्थ्याला कळतील अशा भाषेत शोधायला गेले तर या कोशाची आठवण तीव्रतेने होते.

हे सगळे वरून आले होते हे मान्य केले पाहिजे. राजाने दिले, प्रजेने घेतले. पण घेणाऱ्यांनी ते आपल्या पद्धतीने वापरले, आणि खरे नागरिकशास्त्र तिथून सुरू झाले. बडोद्यात शिकणारा विनायक नरहर भावे हा मुलगा, म्हणजे पुढचे विनोबा, मध्यवर्ती ग्रंथालयात तासन्‌तास वाचत बसायचा. 1914 च्या सुमारास त्याने दहा-पंधरा मित्रांना घेऊन ‘विद्यार्थी मंडळ’ काढले. मुलांनी घरोघर फिरून पुस्तके मागितली आणि सुमारे सोळाशे पुस्तकांचे स्वतःचे ग्रंथालय उभे केले. संतांची चरित्रे, देशप्रेम, मॅझिनीसारख्या परदेशी देशभक्तांची आयुष्ये यांवर भाषणे आणि चर्चा व्हायच्या. शिवजयंती आली तेव्हा ती चार भिंतींत करायची नाही, मोकळ्या रानात करायची असे ठरले. त्यासाठी इतिहासाचा तास बुडवावा लागणार होता. परत येताना मुलांनी शिक्षेचा हिशेबही आधीच करून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने दंडाचे चार आणे खिशात घालून नेले. शिक्षकांनी जाब विचारला, दंड सांगितला, आणि सगळ्यांनी नाणी काढून टेबलावर ठेवली. नियम मोडायचा तर उघडपणे मोडायचा आणि त्याची किंमत स्वतः भरायची, हा सत्याग्रहाचा धडा या मुलांनी गांधींना भेटण्याआधीच गिरवला होता. तो कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हता.

त्याआधीच शहरात आणखी एक प्रयोग होऊन गेला होता. गंगनाथ विद्यालय ही राष्ट्रीय शाळा. तिथे शिक्षकांना नात्याच्या नावाने हाक मारायची पद्धत होती. दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर तिथे ‘काका’ झाले आणि विठ्ठल लक्ष्मण फडके ‘मामा’, आणि ही नावे त्यांना जन्मभर चिकटली. ब्रिटिशांच्या दडपणामुळे ही शाळा लवकरच बंद करावी लागली. शिक्षणसंस्था लोकांना विचार करायला लावू लागली की सत्तेची नजर तिच्यावर जाते, हे बडोद्याने तेव्हाच पाहिले.

मात्र या शहराचा सर्वांत मोठा धडा 1917 सालचा आहे. तो टाळून बडोद्याच्या शिक्षणाचा गौरव करता येत नाही.

भीमराव आंबेडकरांना सयाजीरावांनी 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकायला तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. महिन्याला साडेअकरा पौंड. अट अशी की परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. कोलंबियात त्यांना जॉन ड्यूई हे शिक्षक लाभले. लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नाही, ती एकत्र जगण्याची रीत आहे, हा ड्यूईंचा विचार आंबेडकरांच्या पुढच्या सगळ्या लेखनात मुरलेला दिसतो. शिक्षण आणि लोकशाही यांच्या नात्यावरचा ड्यूईंचा गाजलेला ग्रंथ 1916 साली आला, तेव्हा आंबेडकर तिथेच होते. बडोद्याच्या तिजोरीतला पैसा अशा रीतीने जगातल्या सर्वोत्तम नागरिकशास्त्राच्या वर्गापर्यंत पोहोचला.

आणि मग ते करारानुसार बडोद्याला परत आले. संस्थानात मोठ्या हुद्द्यावर नेमणूक झाली, पण राहायला घर मिळेना. नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना तिथून निघावे लागले. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकत. शहरात हिंदू मित्र होता, ख्रिस्ती मित्र होता, पण कोणाच्याही घरात त्यांना थारा मिळाला नाही. रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट पाहत ते कामाठीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, बसून राहिले. हा सगळा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे, आणि ते टिपण आता कोलंबिया विद्यापीठात वाचायला दिले जाते. बागेतल्या त्या जागेला लोक ‘संकल्पभूमी’ म्हणतात.

सक्तीचे शिक्षण असलेल्या, गावोगाव ग्रंथालये असलेल्या, अस्पृश्य मुलांसाठी 1880 च्या दशकातच शाळा काढणाऱ्या संस्थानाच्या राजधानीत हे घडले. साधने होती, कायदे होते, राजाची इच्छा होती. शेजाऱ्याला माणूस म्हणून वागवण्याची सवय मात्र शहराला लागलेली नव्हती. नागरिक-शिक्षणाचा कोणताही कार्यक्रम आज तपासायचा असेल तर या कसोटीवर तपासावा. अलकापुरीतल्या एखाद्या सोसायटीत आज जात किंवा धर्म विचारून भाडेकरू ठरवला जात असेल, तर त्या घरातल्या मुलाने संविधानाची उद्देशिका पाठ म्हटली काय आणि न म्हटली काय?

आंबेडकरांनी आयुष्याच्या शेवटी या प्रश्नाकडे पुन्हा वळून एक लहानसे पण विलक्षण काम केले. जुलै 1956 मध्ये त्यांनी मुंबईत राजकारणात येऊ पाहणाऱ्या तरुणांसाठी एक प्रशिक्षणशाळा सुरू केली. विद्यार्थी पंधरा. सभागृहात कसे बोलावे, कायदा कसा वाचावा, हे तिथे शिकायचे होते. डिसेंबरात बाबासाहेब गेले आणि ती शाळा फार काळ टिकली नाही. राज्यघटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षाला, घटना लागू होऊन सहा वर्षे झाल्यावर, अशी शाळा निघायला हवी असे वाटले, हे विद्यापीठांनी लक्षात ठेवायला हवे होते.

स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये बडोदा कॉलेज आणि शहरातल्या इतर संस्था मिळून महाराजा सयाजीराव विद्यापीठ झाले. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. सहशिक्षण देणाऱ्या भारतीय विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला कुलगुरू. त्या संविधान सभेच्या सदस्य होत्या. 14 ऑगस्ट 1947 च्या मध्यरात्री भारतीय स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज त्यांनीच सभेला अर्पण केला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात एलिनॉर रूझवेल्ट यांच्याबरोबर त्या काम करत होत्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणारा शब्द होता. हंसाबेनांनी आग्रह धरून तिथे ‘सर्व मानव’ असे करवून घेतले. 10 डिसेंबर 1948 ला तो जाहीरनामा मंजूर झाला आणि पुढच्याच वर्षी त्या बडोद्यात कुलगुरूच्या खुर्चीत बसल्या. विद्यापीठाचे ग्रंथालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. समाजकार्य, गृहविज्ञान, ललित कला या शाखा त्यांच्याच काळात रुजल्या. समाजकार्याच्या विद्यार्थ्याला वर्गाबाहेर वस्तीत, इस्पितळात, संस्थेत प्रत्यक्ष काम करावेच लागते. नागरिक-शिक्षणाची ही बहुधा सर्वांत प्रामाणिक पद्धत आहे. अडचण एवढीच की ती एकाच शाखेपुरती राहिली.

इतर शाखांसाठी देशभर जी साधने आहेत त्यांत सर्वांत मोठे म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने 24 सप्टेंबर 1969 ला 37 विद्यापीठांत 40 हजार विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. दोन वर्षांत 240 तासांचे काम आणि सात दिवसांचे शिबिर, हा तिचा साचा अजून कायम आहे. महाराष्ट्रातल्या असंख्य लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा श्रमदानाची कुदळ हाती घेतली ती याच शिबिरांत. या योजनेने किती शहरी मुलांना खेडे दाखवले याची गणती नाही, आणि तेवढ्यासाठीही तिचे ऋण मानले पाहिजे. पण शिबिरात रस्ता झाडणारा विद्यार्थी तो रस्ता कोणाच्या अखत्यारीत येतो, त्यावर किती निधी मंजूर झाला आणि तो कुठे गेला, हे विचारायला शिकतो का? सेवा आणि नागरिकत्व यांत इथे फरक पडतो. योजनेच्या कागदपत्रांत नागरिकत्वाला जागा आहे, शिबिरांत मात्र ती क्वचितच दिसते.

दुसरे साधन मतदार साक्षरता मंडळे. घटनेच्या 61 व्या दुरुस्तीने 1989 मध्ये मतदानाचे वय 21 वरून 18 वर आले, म्हणजे मतदानाचा हक्क थेट महाविद्यालयात आला. तरीही 2024 च्या लोकसभा निवडणुकीआधी देशातल्या सुमारे 97 कोटी मतदारांत 18-19 वर्षांचे मतदार 1.8 कोटींच्या आसपास होते. त्या वयातल्या अंदाजित लोकसंख्येच्या मानाने हा आकडा निम्म्याहूनही कमी आहे. कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. शिकायला गाव सोडलेल्या मुलाला वाटते की नाव गावच्या यादीतच लागते आणि त्यासाठी गावीच जावे लागते. खरे तर वसतिगृहात राहणारा विद्यार्थी संस्थाप्रमुखाचा दाखला जोडून अर्ज क्रमांक 6 भरू शकतो आणि जिथे शिकतो तिथला मतदार होऊ शकतो. आता नोंदणीसाठी वर्षात एक नव्हे, चार तारखा धरल्या जातात. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. सतरा वर्षे पुरी झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो. प्रवेशाच्या रांगेतच हा अर्ज हाती दिला तर अर्धे काम होईल. त्याऐवजी 25 जानेवारीच्या मतदार दिनी प्रतिज्ञा घेतली जाते, फोटो निघतात आणि अहवाल वर जातो.

गुजरातने मधे वेगळा मार्ग धरून पाहिला. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत मतदान सक्तीचे करणारा कायदा विधानसभेने 2009 मध्ये केला, 2014 मध्ये त्याला संमती मिळाली आणि 2015 मध्ये उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. शिकवून जे साधायचे ते दंडाच्या भीतीने साधण्याचा हा प्रयत्न होता. तो अडला हे बरेच झाले.

विद्यापीठातला माणूस बाहेर पडून काय करू शकतो, याचे बडोद्यातले ठळक उदाहरण गणेश देवी यांचे. जन्म पुणे जिल्ह्यातल्या भोरचा. सयाजीराव विद्यापीठात ते इंग्रजी शिकवत. 1996 मध्ये त्यांनी नोकरी सोडून ‘भाषा’ ही संस्था काढली, तेजगढला आदिवासी अकादमी उभी केली. 1998 मध्ये बंगालमधल्या पुरुलियात बुधन शबर याचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. त्यानंतर महाश्वेता देवी, ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड आणि देवी यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी एकत्र येऊन काम सुरू केले. बंगाली, मराठी आणि गुजराती भूमीवरची माणसे एका प्रश्नावर जमली आणि त्याचे केंद्र बडोदे होते. हे काम विद्यापीठात राहून झाले असते का, हा प्रश्न विद्यापीठाने स्वतःला विचारावा असा आहे.

कारण आतल्या मोकळेपणाची हकिगत फारशी दिलासा देणारी नाही. मे 2007 मध्ये ललित कला शाखेच्या एका विद्यार्थ्याला परीक्षेसाठी मांडलेल्या चित्रांवरून अटक झाली. बाहेरचे लोक थेट परीक्षेच्या जागी घुसले होते. विद्यार्थ्यांनी उत्तर म्हणून भारतीय कलापरंपरेतल्या प्रतिमांचे प्रदर्शन मांडले. ते बंद करायला नकार देणारे प्रभारी अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर निलंबित झाले. चित्रे कोणाला आवडली, कोणाला नाही, हा वेगळा विषय. परीक्षेचे काम परीक्षकांनी तपासायचे असते, जमावाने नव्हे, एवढी साधी गोष्ट विद्यापीठाने ठामपणे सांगायला हवी होती. लोकशाहीचे शिक्षण देणाऱ्या संस्थेची त्या दिवशी परीक्षा होती आणि तीत ती नापास झाली. अकरा वर्षांनी, फेब्रुवारी 2018 मध्ये, 91 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरले. अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्याबद्दल राज्यकर्त्यांना स्पष्ट शब्दांत सुनावले. बडोद्याच्या मराठी व्यासपीठाला ते साजेसेच होते.

आता मुख्य मुद्द्याकडे. पुस्तके, शिबिरे, मंडळे, युवा संसदेच्या स्पर्धा, संविधान दिन ही सगळी साधने आहेत आणि ती वाढतही आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानंतर समाजसहभागाला श्रेयांकही मिळू लागले आहेत. मात्र विद्यार्थ्याला आणि पदवीधराला विद्यापीठाच्या कारभारात मिळणारा प्रत्यक्ष वाटा याच काळात कमी होत गेला.

महाराष्ट्रात 1989 साली मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पुढे 1994 च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका जाऊन गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. ज्याला जास्त गुण तो प्रतिनिधी! वर्गातल्या मुलांना तो हवा आहे का, हे विचारायचे कारणच उरले नाही. हिंसा थांबवण्याचा उपाय म्हणून निवडणूकच थांबवली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिंगडोह समितीच्या शिफारशी लागू केल्या, त्यांत हिंसा आणि पैसा रोखण्याची चोख व्यवस्था होती. उमेदवाराला पाच हजार रुपयांची खर्चमर्यादा, छापील भित्तिपत्रकांना बंदी, किमान 75 टक्के उपस्थितीची अट, सत्र सुरू झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक. महाराष्ट्राच्या 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका पुन्हा आणल्या. 2019 मध्ये वेळापत्रकही ठरले, पण विधानसभा निवडणूक तोंडावर आहे म्हणून ते पुढे ढकलले गेले. त्यानंतर वर्षांमागून वर्षे गेली.

गुजरातमध्ये 2023 साली सार्वजनिक विद्यापीठांसाठी एकच कायदा झाला. सयाजीराव विद्यापीठासह अकरा विद्यापीठे त्याखाली आली. सिनेट आणि सिंडिकेट गेले, त्यांच्या जागी व्यवस्थापन मंडळ आले. बडोद्याच्या सिनेटवर नोंदणीकृत पदवीधर आपले प्रतिनिधी निवडून पाठवत. डॉक्टर, वकील, शिक्षक, व्यापारी, ज्याने इथे पदवी घेतली तो आयुष्यभर या विद्यापीठाचा मतदार राहू शकत होता. अलकापुरीत असे पदवीधर घरोघर आहेत. सिनेटच्या निवडणुकांत गटबाजी होती, हेवेदावे होते, हे खरेच आहे. पण शहराला विद्यापीठाकडे हिशेब मागण्याचा तोच एक रस्ता होता. तो सुधारायचा सोडून बंद केला गेला, आणि शहरातून फारसा आवाजही उठला नाही.

परदेशातले एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाने 2013 मध्ये एक अभ्यास सुरू केला. कोणत्या महाविद्यालयातले किती विद्यार्थी मतदान करतात हे सार्वजनिक मतदार नोंदींशी पडताळून, नावे न उघड करता, त्या त्या महाविद्यालयाला कळवायचे. हजाराहून अधिक संस्था त्यात सामील झाल्या. आपला आकडा समोर आल्यावर प्रत्येक संस्थेला स्वतःकडे पाहावे लागले. आपल्याकडे मतदान गुप्त असले तरी कोणी मत दिले आणि कोणी दिले नाही याची नोंद केंद्रावर होतेच. पण असा अभ्यास करणे दूर, आपल्या प्रवेशयादीतल्या किती जणांची मतदार म्हणून नोंद आहे हेही आपली विद्यापीठे पाहत नाहीत.

अभ्यासासाठी विषय तर दाराशी पडले आहेत. अलकापुरीहून सयाजीगंजकडे जाणारे रुळांखालचे गरनाळे दर पावसाळ्यात तुंबते आणि वाहतूक अडते. विश्वामित्री नदी विद्यापीठाच्या परिसराजवळून वाहते. 2019 आणि 2024 मध्ये तिने शहर बुडवले. नदीकाठ सुशोभित करण्याच्या योजनेविरुद्ध नागरिक 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले आणि 2021 मध्ये लवादाने नदीचे पूरक्षेत्र राखण्याबाबत आदेश दिले. स्थापत्य, भूगोल, कायदा, अर्थशास्त्र, समाजकार्य आणि पत्रकारिता या सगळ्या शाखा एकाच विद्यापीठात असताना या नदीवर वर्षभराचा संयुक्त अभ्यासक्रम चालवायला कशाची अडचण आहे? गरनाळ्यातले पाणी उपसायला महापालिकेने किती खर्च केला, हे माहिती अधिकारात विचारणारा एक अर्ज विद्यार्थ्याने स्वतः लिहावा, त्याची मुदत मोजावी, उत्तर नाही आले तर अपील करावे. 2005 च्या त्या कायद्याचा एवढा अनुभव एका सत्राच्या व्याख्यानांपेक्षा जास्त शिकवेल. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याखाली परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. हे तरी प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच सांगायला हवे.

बडोद्याच्या मराठी मंडळींनी यात पुढाकार घ्यावा असे फार वाटते. सयाजीरावांच्या जयंतीला भाषणे होतात, त्यांच्या चरित्रसाधनांचे खंड निघतात, ते सगळे चांगलेच आहे. त्याच मंडळींनी विद्यार्थ्यांसाठी मतदार नोंदणीचे वर्ग घ्यावेत, मांडवीच्या ग्रंथालयात महाविद्यालयीन मुलांचे वाचनगट पुन्हा सुरू करावेत, आणि नोंदणीकृत पदवीधरांना विद्यापीठाच्या कारभारात निवडून येण्याचा हक्क परत मिळावा अशी मागणी आपल्या आमदारांकडे लेखी करावी. गुजरातेत त्यासाठी कायद्यात दुरुस्ती करावी लागेल आणि ते काम लांबचे आहे. महाराष्ट्रात तेवढीही अडचण नाही. 2016 चा कायदा झालेला आहे, लिंगडोह समितीचे नियम तयार आहेत. सरकारने विद्यार्थी परिषदांच्या निवडणुकांची तारीख जाहीर करावी आणि ती पाळावी.